सगळा खेळ भाताचा

अनलिमिटेड सुशीच्या हॉटेलात शिरलेला माणूस आधी माशांचा हिशेब मांडतो. सामन किती येईल, ट्यूना किती, भरलेले पैसे वसूल कसे होतील. टोरांटो आणि आजूबाजूच्या उपनगरांत अशी हॉटेलं पुष्कळ आहेत. ठरलेली रक्कम द्यायची, दीड-दोन तास बसायचं आणि हवं तितकं मागवायचं. इथली मराठी मंडळीही वाढदिवसाला किंवा घरी पाहुणे आले की तिकडेच वळतात. मिसिसागातल्या अशाच एका हॉटेलात मी बरीच वर्षं जाते आहे. एका सकाळी, दार उघडायच्या आधी, मालकांनी मला आतल्या स्वयंपाकघरात उभं राहू दिलं. तिथे जे पाहिलं त्यावरून माझं ठाम मत झालं, की हा धंदा भातावर चालतो.

मी पोचले तेव्हा तांदूळ धुणं चालू होतं. कॅलरोज जातीचा, कॅलिफोर्नियातला, मध्यम दाण्याचा तांदूळ. ही जात 1948 साली तिथल्या तांदूळ संशोधन केंद्रातून शेतकऱ्यांपर्यंत गेली आणि आज उत्तर अमेरिकेतल्या पुष्कळशा सुशी हॉटेलांत हाच तांदूळ शिजतो. इंद्रायणीचा भात खाल्लेल्याला त्याचा मऊ चिकटपणा ओळखीचा वाटेल. वास मात्र जवळजवळ नाही, आणि सुशीला तो नकोच असतो, कारण वर मासा बसायचा असतो.

धुणारा मुलगा तांदूळ चोळत नव्हता. बोटं सैल ठेवून तो पाण्यात फिरवत होता आणि दुधी पाणी ओतून टाकत होता. पाणी निवळल्यावर तांदूळ निथळत ठेवला, मग गॅसच्या मोठ्या कुकरमध्ये चढवला. शिजलेला भात रुंद, उथळ लाकडी घंगाळात उलटला गेला आणि त्यावर तांदळाचं व्हिनेगर, साखर आणि मीठ यांचं मिश्रण शिंपडलं गेलं. यानंतरच्या काही मिनिटांत सगळं कसब असतं. चपट्या लाकडी उलथन्याने भात कापल्यासारखा हलवायचा, दाबायचा नाही, मळायचा नाही. दाणा मोडला की चिकी सुटते आणि भाताचा लगदा होतो. एकजण हलवतो, दुसरा पंख्याने वारा घालतो. बघता बघता भातावर चकाकी येते.

व्हिनेगरचं काम चवीपुरतं नसतं. शिजवलेला साधा भात तासन्‌तास बाहेर राहिला तर त्यात जिवाणू वाढतात आणि पोट बिघडतं. भाताचा सामू (pH) 4.6 किंवा त्याहून खाली आणला की ती वाढ थांबते. त्या सकाळी मालकांनी भाताचा नमुना पाण्यात कालवला, त्यात कागदाची पट्टी बुडवली, रंग पाहिला आणि आकडा वहीत लिहिला. आरोग्य खात्याचा माणूस आला की ही वही मागतो. फ्रिजमध्ये ठेवून हा प्रश्न सुटला असता असं कुणाला वाटेल, पण थंडीत भातातला स्टार्च पुन्हा कडक होतो आणि दाणा खरखरीत लागतो. सुपरमार्केटच्या डब्यातली सुशी बेचव का लागते, याचं बरंचसं उत्तर इथे आहे. चांगला सुशीचा भात हाताला कोमट लागला पाहिजे.

अशा हॉटेलांना नावं ठेवणारे खूप. तिथे जपानी आचारी नसतो, असं ते म्हणतात. टोरांटोत अशी अनेक हॉटेलं चिनी किंवा कोरियन कुटुंबं चालवतात, हे खरं आहे. पण काउंटरमागचा माणूस काय करतो ते नीट पाहिलं तर हे बोलणं अन्यायाचं वाटतं. बांबूच्या चटईवर प्लास्टिकचा पापुद्रा, त्यावर नोरीचा, म्हणजे समुद्री शेवाळाचा, अर्धा कागद, खरखरीत बाजू वर. ओल्या हाताने भाताचा गोळा उचलून तो चार बोटांनी पसरायचा, कडेपर्यंत, दाब न देता. वर तीळ, मग पालथं घालून काकडी, अव्होकाडो, क्रॅबस्टिक. एक गुंडाळी, एक हलका दाब, आठ तुकडे, प्रत्येक दोन कापांमध्ये सुरी ओल्या फडक्यावर पुसलेली. तोवर छोट्या प्रिंटरमधून पुढच्या टेबलांच्या चिठ्ठ्या निघतच असतात. तो चार चिठ्ठ्या एकदम वाचतो आणि सगळ्यांचे सारखे रोल एका दमात करतो. निगिरीसाठी, म्हणजे वर मासा ठेवायच्या सुशीसाठी, भाताचे मुटके पाडणारी यंत्रंही आहेत. सुझुमो या जपानी कंपनीने असं पहिलं यंत्र 1981 साली काढलं. या हॉटेलात ते नाही, सगळं हाताने होतं.

माशांबद्दलही सांगायला हवं. सामन कच्चा खाण्याची रीत जपानमध्ये जुनी नाही. पॅसिफिकमधल्या जंगली सामनमध्ये कृमी असतात म्हणून जपानी लोक तो शिजवून किंवा खारवून खात. 1980 च्या दशकात नॉर्वेने मत्स्यशेतीतला सामन जपानी बाजारात नेटाने नेला. तो दाणेदार खाद्यावर वाढलेला असल्याने कृमींचा धोका फार कमी. आज अनलिमिटेड हॉटेलातल्या थाळीवर सर्वांत जास्त दिसणारा मासा हाच. ‘व्हाइट ट्यूना’ मागवण्याआधी मात्र विचारून घ्यावं. काही ठिकाणी त्या नावाखाली एस्कोलार नावाचा मासा देतात. त्यातलं मेणासारखं तेल पचत नाही आणि जास्त खाल्लं तर जुलाब होतात. जपानने 1977 मध्येच त्याच्या विक्रीवर बंदी घातली.

पुण्याहून माझी मावशी आली होती, पूर्ण शाकाहारी. तिला नेऊ की नको, असं मनात होतं, पण तिलाच जायचं होतं. काकडीचा रोल, अव्होकाडोचा, रताळ्याच्या टेम्पुराचा, असं बरंच तिच्यासाठी निघालं. सुरुवातीला आपोआप आलेला मिसो सूपचा वाडगा मी बाजूला केला.

“अगं, यात तर टोफूच दिसतोय,” मावशी म्हणाली.

“पाणी माशाचं असतं, मावशी. सुकवलेला बोनिटो उकळून करतात. अंड्याच्या गोड वड्यांतही तेच पाणी असतं.”

तिने सूप सोडलं आणि काकडीचा रोल तोंडात टाकला. थोडा वेळ ती काही बोलली नाही. मग म्हणाली, “भाताला चव आहे हो. आंबट-गोड. नुसता भात इतका चांगला लागेल असं वाटलं नव्हतं.” त्या टेबलावर सगळ्यांत अचूक बोलणं तिचंच होतं. बाकीचे आम्ही माशांच्या नादात होतो.

टॅब्लेटवर मागवताना घाई करू नये. तळलेले टेम्पुरा, ग्योझा, नूडल्स चटकन येतात आणि पोट भरून टाकतात. मी आधी निगिरी मागवते, थोड्या थोड्या, कारण तयार निगिरी दहा मिनिटं पडून राहिली तरी भात निवतो आणि मासा कोमट होतो. ती हाताने खाल्ली तर चालतं, जपानमध्येही तशी रीत आहे. सोया सॉसमध्ये माशाची बाजू टेकवावी. भात बुडवला की तो सॉस पितो आणि सुटतो. जमलं तर दुपारी दार उघडताच जावं, तेव्हा सकाळचा भात ताजा असतो.

उरलेल्या तुकड्यांचे पैसे हॉटेल वेगळे लावतं. मेन्यूवर ते स्पष्ट लिहिलेलं असतं. मागच्या खेपेला शेजारच्या टेबलावरची मुलं निगिरीवरचा सामन तेवढा उचलून खात होती आणि भाताचे मुटके नॅपकिनखाली सारत होती. एका बशीत ते ढीगभर झाले. काउंटरमागच्या आचाऱ्याला ते दिसत होतं, त्याचे हात चालूच होते. बशा उचलायला आलेल्या बाईंनी नॅपकिन बाजूला केला, मुटके मोजले आणि बिलात वाढवले. मुलांनी हुज्जत घातली. बाईंनी एक पैसाही कमी केला नाही, आणि मला ते अगदी रास्त वाटलं.