दगडाला विचारून लावलेली बाग

सोलापुरात, मराठवाड्यात ओढ्याकाठी आणि पडीक रानात माजलेल्या एका काटेरी झाडाला आपल्या लोकांनी ‘वेडी बाभूळ’ हे नाव दिलं. मारवाडात त्याच झाडाला ‘बावळिया’ म्हणतात. अर्थ तोच, वेडा. हजार किलोमीटरच्या अंतरावर दोन भाषांनी त्याची एकच खोड ओळखली.

मूळचं ते अमेरिका खंडातलं. कमी पाण्यावर जगतं, म्हणून उजाड माळ हिरवे करायला ते आणलं गेलं. जोधपूरला १९३०च्या दशकात महाराजा उमेदसिंग यांनी त्याचं बी विमानातून विखुरलं, असं सांगतात. पुढे मेहरानगड किल्ल्याभोवतीचा खडक त्याने व्यापला. रान हिरवं झालं, पण त्या हिरव्यात मारवाडचं फारसं काही उरलं नाही. झाड कमी पाण्यात तगतं एवढ्यावरून ते त्या मुलखाचं होत नाही, हे जोधपूर मोठी किंमत देऊन शिकलं.

२००६ साली मेहरानगड म्युझियम ट्रस्टने किल्ल्याच्या पायथ्याची सुमारे ७० हेक्टर जमीन पूर्ववत करायचं ठरवलं आणि काम ‘ट्रीज ऑफ दिल्ली’चे लेखक प्रदीप क्रिशन यांच्याकडे दिलं. जोधपूरचा पाऊस वर्षाला सुमारे ३६० मिलीमीटर. खाली सुमारे ७५ कोटी वर्षांपूर्वीचा, ज्वालामुखीतून घडलेला रायोलाइट, माती नावापुरती. बावळिया वरून तोडला की बुंध्यातून पुन्हा फुटतो. खडकात दीडेक फूट उतरून मुळाचा गड्डा काढला, तरच तो मरतो.

तिथे उपयोगी पडले खंडवालिया, पिढ्यान्‌पिढ्या दगडाच्या खाणीत राबलेले लोक. ते हातोडीने खडक ठोकतात, आवाज ऐकतात आणि दगड कुठे दाद देईल ते ओळखून छिन्नी लावतात. बावळियाचं मूळ निघालं की मागे राहिलेला खड्डा नव्या रोपाची जागा व्हायचा. रोपवाटिकांत थरची झाडं मिळत नव्हती. म्हणून वाळवंट हिंडून बी गोळा केलं, रोपं स्वतः वाढवली. २०११मध्ये ‘राव जोधा डेझर्ट रॉक पार्क’ लोकांसाठी खुलं झालं.

तिथल्या प्रत्येक झाडाची पाणी वाचवायची रीत वेगळी. ‘थोर’ हे झाड पावसात पानं धरतं, कोरड पडली की टाकतं आणि हिरव्या खोडावर अन्न तयार करतं. केर, म्हणजे आपली नेपती, जवळजवळ पानांवाचूनच जगते. गुग्गुळ वर्षातले बरेच महिने वाळल्यासारखा उभा असतो. पहिल्या सरींनंतर पालवतो. खेजडी, म्हणजे शमी, मुळं खोल उतरवते. ही बाग उन्हाळ्यात झोपते. तिला जागं करण्यासाठी पाइप लावायचा नसतो.

अमेरिकेतल्या डेन्व्हरच्या पाणीपुरवठा खात्याने १९८१मध्ये कमी पाण्याच्या बागेला ‘झेरिस्केप’ हे नाव दिलं. पाण्याच्या गरजेप्रमाणे झाडांचे गट करा, हिरवळ गरजेपुरती ठेवा, मातीवर आच्छादन घाला, ही त्याची सूत्रं चांगलीच आहेत. जोधपूरने त्याआधीची पायरी दाखवली: जमीन वाचा, तिच्यावर काय लादलं गेलंय ते काढा आणि मग लावा.

आपल्या पर्जन्यछायेतल्या माण, सोलापूर, अहिल्यानगरच्या पट्ट्यात ५००-६०० मिलीमीटरच्या आसपास पाऊस पडतो, जोधपूरपेक्षा बराच जास्त. तरीही टँकर येणाऱ्या गावांत बंगल्यापुढे लॉन भिजवलं जातं, हे पाहून जीव तुटतो. तिथे मारवेल आणि पवन्या ही आपली गवतं हवीत. ती उन्हाळ्यात पिवळी पडतील, पडू द्यावीत. कुंपणाला नेपती आणि बोर, सावलीला हिवर आणि शमी, अंगणात आपटा. दसऱ्याला ज्यांची पानं वाटतो आणि ज्यांना पूजतो, ती झाडं दारात का नसावीत? जून-जुलैत लावून, आळ्यात पालापाचोळा घालून पहिले एक-दोन उन्हाळे थोडं पाणी दिलं, की पुढे ती आपलं आपण पाहतात.

आणि फुलांसाठी तरवड आहे. मुरमाड माळावर तो आपोआप उगवतो, शेळ्यासुद्धा त्याला सहसा तोंड लावत नाहीत. बाग आखायच्या आधी आपल्या गावच्या माळावर एक चक्कर मारावी. खंडवालिया जसा खडकाला कान देतो, तसं तिथे कुणी पाणी न घालता काय पिवळंजर्द फुललंय ते पाहावं आणि त्याचंच बी खिशात घालून घरी आणावं.