मालवणची सहल: समुद्र, किल्ला आणि आपली बचत



हल्ली बैठकीचं कामकाज संपलं, वह्या मिटल्या, की एक विषय हमखास निघतो. मोबाईलवर अंदमानचे, मालदीवचे व्हिडिओ येतात. निळं पाणी, पांढरी वाळू, नारळाची झाडं. मग कुणीतरी विचारतं, "ताई, असल्या ठिकाणी जायला किती पैसं लागत्यात ओ?"

अंदमानला एकतर विमानानं जावं लागतं, नाहीतर चेन्नईहून जवळपास तीन दिवस जहाजात काढावे लागतात. आपल्यातल्या बहुतेकींना आज तरी ते परवडणारं नाही, हे सरळ सांगते. पण समुद्रातलं बेट बघायला महाराष्ट्राबाहेर जायची गरज नाही. मालवणच्या किनाऱ्यासमोर कुरटे बेट आहे आणि त्यावर शिवाजी महाराजांनी बांधलेला सिंधुदुर्ग किल्ला आहे. समुद्र तोच, माडही तेच. आणि तिथपर्यंत एसटी जाते.

एसटीचं महत्त्व आपल्यासाठी जास्त आहे. १७ मार्च २०२३ पासून महिलांना एसटीच्या तिकिटात ५० टक्के सवलत मिळते. ७५ वर्षांपुढच्या आजींना तर तिकीटच नाही. त्यामुळे "आपण सगळ्या मिळून खाजगी गाडी करू" असं ठरवण्याआधी जरा हिशोब मांडा. गाडीचं भाडं किलोमीटरवर लागतं, शिवाय ड्रायव्हरचं जेवण, मुक्काम आणि टोल वेगळा. एसटीची बस पूर्ण करारावर घेतली तरी भाडं किलोमीटरवरच असतं, तिथे अर्ध्या तिकिटाचा विचार करता येत नाही. आगारात जाऊन दोन्ही आकडे विचारा आणि मगच ठरवा. आपल्याकडून आधी कोल्हापूर गाठायचं आणि तिथून मालवणची गाडी धरायची. वाटेत घाट लागतो. ज्यांना गाडी लागते त्यांनी पुढच्या सीटवर बसावं, पोटात थोडंच असावं आणि पिशवी हाताशी ठेवावी.

कधी जायचं, यावर निम्मा खर्च ठरतो. मे अखेर ते ऑगस्ट अखेर समुद्र खवळलेला असतो, किल्ल्याच्या होड्या बंद असतात, तेव्हा जाऊन उपयोग नाही. दिवाळीची सुट्टी, नाताळ ते एक जानेवारी आणि मे महिना या काळात खोल्यांचे दर चढतात. आपल्याकडे ज्वारीची काढणी फेब्रुवारीपासून सुरू होते. म्हणजे कार्तिकीनंतर नाताळच्या आधी, किंवा संक्रांत झाली की लगेच, हे दिवस आपल्याला बरे. त्यातही सोमवार ते गुरुवार जा. शनिवार-रविवारी मुंबई, पुणे, कोल्हापूरची गर्दी असते. आणखी एक, आंगणेवाडीच्या भराडी देवीची यात्रा मालवण तालुक्यातच भरते. तिची तारीख दरवर्षी देवीला कौल लावून ठरते, साधारण फेब्रुवारी-मार्चमध्ये. त्या दिवसांत खोली मिळणं अवघड, म्हणून तारीख आधी विचारून घ्या.

राहायचं कुठे? तारकर्लीला अगदी समुद्राला लागून खोली घ्यावी असं सगळ्यांना वाटतं. मला विचाराल तर मालवण गावात राहा. स्टँड, बाजार, किल्ल्याच्या होड्यांचा धक्का हे सगळं चालत जाण्यासारखं आहे. तारकर्ली सात-आठ किलोमीटरवर आहे, देवबागच्या एसटीनं जाऊन संध्याकाळपर्यंत परत येता येतं. गावात घरगुती निवास भरपूर आहेत. फोन करताना चार गोष्टी विचारा: दर खोलीचा की माणशी, एका खोलीत चौघी चालतील का, जादा गादीचे किती, गरम पाणी आहे का. ॲडव्हान्स पाठवला की "एवढे मिळाले, अमुक तारखेच्या इतक्या खोल्या" असं मेसेजवर लिहून घ्या. गटाच्या व्यवहारात पावती घेतोच ना आपण, तसंच हे.

आता किल्ल्याबद्दल थोडं सविस्तर सांगते, कारण सहलीचा जीव तिथेच आहे. बांधकाम १६६४ साली सुरू झालं. तटबंदी सुमारे तीन किलोमीटर लांब, नागमोडी आहे. धक्क्यावरून होडीनं दहा-पंधरा मिनिटांत पोहोचता. दरवाजा असा वळणात लपलेला की अगदी जवळ जाईपर्यंत दिसत नाही. आत श्री शिवराजेश्वराचं मंदिर आहे, ते राजाराम महाराजांनी बांधलं. महाराजांच्या हाताचा आणि पायाचा म्हणून जपलेला ठसा चुन्यात उमटलेला आहे. आणि आपल्यासारख्या पाण्यासाठी तरसलेल्या भागातल्या बायकांनी नक्की बघावं असं एक: दूधबाव, दहीबाव, साखरबाव. चारही बाजूंनी खारं पाणी, आणि मधोमध गोड्या पाण्याच्या या तीन विहिरी! किल्ल्यात आजही काही कुटुंबं राहतात. होडीवाले साधारण तासाभराचा वेळ देतात, तो किल्ला पूर्ण बघायला कमी पडतो. चढण्याआधीच बोलून थोडा जास्त वेळ मागून घ्या. सकाळी लवकर गेलात तर ऊनही लागत नाही.

होडी कुठलीही असो, लाइफ जॅकेट घातल्याशिवाय बसायचं नाही. "दहा मिनिटांचं तर आहे" असं कुणी म्हणालं तरी नाही. २४ मे २०२२ ला तारकर्लीजवळ पर्यटकांची बोट उलटून दोघांचा जीव गेला होता. जॅकेटचे पट्टे नीट आवळा, होडी भरलेली वाटली तर पुढच्या होडीनं जा. साडीपेक्षा पंजाबी ड्रेस सोयीचा पडतो. समुद्रात गुडघ्याच्या वर जायचं असेल तर गावकऱ्यांना विचारून आणि भरती-ओहोटी बघून. आपण विहिरीत, कालव्यात पोहलेल्या असलो तरी लाटेचं पाणी वेगळं ओढतं.

वॉटर स्पोर्ट्सवाले किनाऱ्यावर गाठतात. एक-दोन खेळ खुशाल करा, पण पाच खेळांचं पॅकेज घेतलं तर तिथेच पाकीट रिकामं होईल. पहाटे किनाऱ्यावर रापण ओढताना बघायला एक पैसा लागत नाही. समुद्रात अर्धगोल टाकलेलं भलंमोठं जाळं दोन्ही टोकांनी माणसं ओढत आणतात.

जेवणात सुरमई, पापलेटची थाळी महाग असते, बांगड्याची स्वस्त आणि चवीला कुठे कमी नाही. माळकरी ताईंसाठी कुळथाची पिठी-भात, घावणे, उसळ मिळते, फक्त निवासवाल्यांना आदल्या दिवशी सांगून ठेवा. सोलकढी प्याच. पहिल्या दिवशीच्या प्रवासासाठी भाकरी, चटणी, दशम्या घरून न्या.

आता पैसा. समजा सगळा अंदाज काढून माणशी ३,६०० रुपये आले. बारा महिने आधी सुरुवात केली तर महिना ३०० रुपये. हे पैसे गटाच्या बचतीत मिसळायचे नाहीत. सहलीची वही वेगळी आणि दोघींच्या सह्या. गटातून कर्ज घेऊन मात्र सहल नको. शेळी घेतली, शिलाई मशीन घेतलं, तर कर्ज कमवून परत देतं. सहल काही कमवून देत नाही. ४,००० रुपये शेकडा २ रुपये महिना व्याजानं घेऊन दहा समान हप्त्यांत फेडले, तर व्याजच ४४० रुपये होतं. तेवढ्यात बांगड्याच्या थाळ्या होतील! एखादीला ३०० जमत नसतील तर सहल दीड वर्षानं ठेवा, हप्ता २०० वर येतो. तिला मागे ठेवून जाऊ नका.

घरून विरोध होणार, हेही धरून चाला. देवाला निघालं तर कुणी काही म्हणत नाही, नुसतं फिरायला म्हटलं की "कशाला?" येतं. वर्षभर भांगलण, गुरं, स्वयंपाक आणि गटाच्या बैठका करणाऱ्या बाईला चार दिवस समुद्र बघावासा वाटला, तर त्याला आणखी वेगळं कारण लागू नये, असं मला वाटतं. तरी विचारलंच तर वही पुढे ठेवा. पैसा कुठून आला ते त्यात लिहिलेलं असेल.

एक दिवस हाताशी असेल तर वेंगुर्ल्यालाही जाऊन या. तिथे मांडवी खाडीत स्वामिनी बचत गटाच्या महिला कांदळवन सफारी चालवतात. होडी त्याच वल्हवतात, झाडांची माहितीही त्याच देतात. निघण्याआधी फोन करून वेळ ठरवा, कारण खाडीतलं पाणी भरती-ओहोटीप्रमाणे बदलतं. आणि त्यांच्या गटाचा हिशोब कसा चालतो, तेही विचारून या. पुढच्या अंकासाठी कुणीतरी लिहून द्या.