भेक ओळखावा कसा?



मृगाचा एखादा दमदार पाऊस पडून गेला, की वाशीम, रिसोड, मालेगावकडच्या काळ्या रानात रात्रभर गलका सुरू होतो. कुणी विचारले, "काय ओरडून राहिलं जी?" तर उत्तर एकच : "बेंडूक!" विहिरीतला तो बेंडूक, नाल्यातला तो बेंडूक आणि न्हाणीच्या दगडाखाली बसलेला खरबरीत अंगाचा, तोही बेंडूकच. पण हा शेवटचा गडी बेडूक नव्हे. शाळेच्या पुस्तकात त्याला 'भेक' म्हणतात. हा फरक ठाऊक असणे का गरजेचे आहे, ते आधी पाहू.

भेकाच्या डोळ्यांमागे दोन्ही बाजूंना एकेक फुगीर उंचवटा असतो. त्या विषाच्या ग्रंथी होत. कुत्र्याने भेकाला तोंडात धरले, की त्या दाबल्या जातात आणि दुधासारखा चीक बाहेर येतो. कुत्र्याच्या तोंडाला फेस येतो तो यामुळेच. कण्हेरीचे विष जसे हृदयावर जाते, तसेच हेही जाते. शिजवले म्हणून ते नाहीसे होत नाही; भेकाच्या अंड्यांतही ते असते. बेडूक समजून भेक खाल्ल्याने माणसे दगावली आहेत. लाओस देशातील अशा मृत्यूंची हकीकत डॉक्टरांनी २००७ साली प्रसिद्ध केली. तेव्हा कुणाच्या पोटात भेक गेला असे कळले, तर घरगुती उपायांत वेळ न दवडता तडक सरकारी दवाखाना गाठावा.

पण म्हणून भेकाला भिण्याचे कारण नाही. तो विष थुंकत नाही, चावत नाही. त्याला शिवले तर चामखीळ येते हा समजही खरा नव्हे. चामखीळ विषाणूमुळे येते. हात लागलाच तर साबणाने धुवावा, डोळे चोळू नयेत, एवढे पुरे.

आता ओळख. आपल्याकडील मोठ्या बेडकाची कातडी ओलसर असते, पाठीवर लांब उभ्या घड्या असतात, मागचे पाय लांब आणि बोटांत पडदा. तो लांब उडी मारतो. पहिल्या पावसात त्याचे नर हळदीसारखे पिवळे होतात आणि गळ्याजवळ निळे फुगे काढून ओरडतात. याच्या तंगड्या पूर्वी परदेशी जात. १९८७ साली सरकारने ती निर्यात बंद केली. भेकाची कातडी कोरडी, फोडाफोडांची; पाय आखूड; चाल टुणटुण. अंडीही वेगळी : बेडकाची अंडी पाण्यात विखुरलेली किंवा पुंजक्यात दिसतात, तर भेकाची लांबच लांब माळेत ओवल्यासारखी.

पण गोष्ट इथे संपत नाही. भेकांतही जाती आहेत, आणि त्यांतल्या दोन एकमेकींशी सहज गल्लत व्हावी अशा आहेत.

पहिला नेहमीचा भेक. शास्त्रज्ञ त्याला डट्टाफ्रायनस मेलॅनोस्टिक्टस म्हणतात. नावाच्या दुसऱ्या भागाचा अर्थच 'काळ्या ठिपक्यांचा'. त्याच्या फोडांची टोके काळी असतात. मुख्य खूण डोक्यावर : डोळ्यांच्या कडेने हाडाचे उठावदार कंगोरे जातात, त्यांवर काजळाची रेघ ओढल्यासारखी काळी कड असते. याची मादी नरापेक्षा मोठी. ती वीतभरापेक्षा कमी, म्हणजे पंधरा सेंटिमीटरपर्यंत वाढू शकते.

दुसरा संगमरवरी भेक, डट्टाफ्रायनस स्टोमॅटिकस. त्याच्या डोक्यावर कंगोरे नसतात. कपाळ सपाट, सारवल्यासारखे. अंगावर मातकट-हिरवट रंगात गडद डागांची नक्षी. आकाराने लहान, सुमारे सात-आठ सेंटिमीटर.

मग रंगावरून का ओळखू नये? कारण भेक चिखलात बसला की चिखलाचा दिसतो, आणि विणीच्या दिवसांत त्याचा रंग बदलतो. आकारावरही विसंबू नये, कारण मोठ्या जातीचे पिल्लू लहान जातीच्या प्रौढाएवढेच असते. आणि पिल्लाचे कंगोरे पुरते उठलेले नसतात. म्हणून डोके, फोड आणि आकार या तीन खुणा जुळल्या तरच नाव घ्यावे.

ही अडचण आपलीच नव्हे. दक्षिण व मध्य अमेरिकेत राहणारा महाकाय भेक कित्येक वर्षे एकच जात मानला जाई. २०१६ साली शास्त्रज्ञांनी त्याच्या दोन जाती मानाव्यात असे मांडले : अँडीज पर्वताच्या पूर्वेकडील एक, पश्चिमेकडील व मध्य अमेरिकेतील दुसरी. हाच भेक १९३५ साली उसाची कीड खाण्यासाठी ऑस्ट्रेलियात नेला. कीड काही हटली नाही, भेक मात्र पसरला, आणि त्याला खाऊन तिथली जनावरे मरू लागली. आपला नेहमीचा भेकही २०१४ साली मादागास्कर बेटावर आढळला. तिथल्या सापांना त्याच्या विषाची सवय नाही, ही तिथल्या लोकांची चिंता आहे. आपल्या रानात मात्र तो घरचा आहे. मुंग्या, वाळवी, भुंगेरे हे त्याचे रात्रीचे जेवण. सोयाबीन-तुरीच्या बांधावर त्याला ठेचण्यात आपलेच नुकसान. फवारणीचा पंप डबक्यात धुऊ नये. भेक कातडीतून पाणी शोषतो, त्यासोबत औषधही आत जाते.

गुरुजनहो, पहिल्या पावसानंतर शाळेत फळ्यावर एक तक्ता आखा : तारीख, जागा, कंगोरे आहेत की नाहीत, फोडांची टोके काळी आहेत का, लांबी किती. मुलांनी भेक पकडू नये. बॅटरीच्या उजेडात हातभर अंतरावरून पाहावे, लांबी अंदाजाने लिहावी. अंधारात मोठ्या माणसाशिवाय जाऊ नये, कारण त्याच वेळी सापही बाहेर पडतात. दोन-तीन पावसाळे हा तक्ता नेटाने भरला, तर आपल्या गावात कोणता भेक कुठे राहतो, हे गावाला स्वतःच्या नोंदीवरून सांगता येईल.