थकलेलं हृदय : भाग ९ – आधी थकवा वाढतो, मग पंपिंग

आयसीडीचं, म्हणजे छातीत बसवायच्या शॉक देणाऱ्या यंत्राचं, आज लिहीन म्हटलं होतं, पण ते पुढे ढकलतो. सिडकोतल्या एका वाचकाच्या पत्राला उत्तर देणं जास्त निकडीचं आहे. त्यांच्या वडिलांचं हृदय मोठं झालंय, पंपिंग २५ टक्के. कार्वेडिलॉल सुरू झालं आणि दहाव्या दिवशी थकवा वाढला, घोट्यावर सूज आली. शेजारी म्हणाले, ही तर हृदय मंद करणारी गोळी, बंदच करा. करावी का?

परस्पर नाही. आजच डॉक्टरांना दाखवा. बहुतेक वेळा लघवीची गोळी वाढवून किंवा डोस थोडा मागे घेऊन काम भागतं. अचानक तोडली तर धडधड उसळते आणि धोका वाढतो.

शेजाऱ्यांचं म्हणणं मात्र एके काळी सगळ्या वैद्यकाचं म्हणणं होतं. तेव्हा कमजोर हृदयाला बीटा ब्लॉकर, म्हणजे कार्वेडिलॉलच्या जातीची औषधं, देणं निषिद्ध होतं. स्वीडनमधल्या गोथेनबर्गच्या फिन वागस्टाइन यांनी तेच केलं. स्वस्थ पडूनही नाडी जोरात धावणारे सात रुग्ण, हृदयं फुगलेली. त्यांना ही औषधं दिली आणि ते सुधारले. हा अनुभव १९७५ साली छापून आला, पण फारसा कुणी विश्वास ठेवला नाही. मला या साऱ्या इतिहासात हा माणूस सर्वांत मोठा वाटतो.

हृदय कमजोर झालं की शरीर ॲड्रिनलिनच्या जातीची रसायनं सोडून त्याला पळवतं. थकल्या बैलाला पराणी टोचत राहावं तसं. चार पावलं तो जोरात टाकतो, मग बसतो. जोर वाढवणाऱ्या मिलरिनोनच्या गोळ्यांनी १९९१ च्या चाचणीत मृत्यू वाढले, ते यामुळेच. बीटा ब्लॉकर ही टोचणी थांबवतो. पण पहिले काही आठवडे हृदयाचा उसना जोरही जातो, म्हणून थकवा येतो, पाणी साठतं. पेशी सावरायला, फुगलेला कप्पा आकसायला तीनेक महिने लागतात. मग इकोत पंपिंग वाढलेलं दिसतं.

म्हणूनच कार्वेडिलॉलची सुरुवात ३.१२५ मिलिग्रॅमची, दिवसातून दोनदा, जेवणासोबत. सोसली तर दोन आठवड्यांनी दुप्पट. असं करत बहुतेकांना २५ पर्यंत न्यायचं. अंगावर सूज, छातीत पाणी असताना सुरू करायची नाही. आधी पाणी उतरवायचं. घरच्यांनी सकाळी लघवीला जाऊन आल्यावर, चहाआधी वजन करून कॅलेंडरवर लिहावं. दोन-तीन दिवसांत दोन किलो वाढलं, तर धाप लागायची वाट न पाहता फोन करावा.

१९९९ च्या बिसोप्रोलॉल या बीटा ब्लॉकरच्या चाचणीत २६४७ रुग्ण होते. नुसती साखरेची गोळी घेणाऱ्यांत शंभरात सतरा दगावले, औषध घेणाऱ्यांत बारा. फरक इतका स्पष्ट होता की चाचणी मुदतीआधीच थांबवली.

मेडिकलमधून मेटोप्रोलॉल हा बीटा ब्लॉकर आणत असाल तर पाकिटावर ‘सक्सिनेट’ आहे ना, पाहा. कमजोर हृदयात मृत्यू कमी झाल्याचा पुरावा त्याचा आहे, ‘टार्ट्रेट’चा तसा नाही. एकाऐवजी दुसरं हातात पडलं तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय घेऊ नका.

दमा असलेल्यांनी काय करायचं, असं दोघांनी विचारलंय. ते पुढच्या आठवड्यात; आयसीडी त्यानंतर.