मिसळण्याआधी

सकाळी नळाला पाणी आलं की अनेक घरांत पहिलं काम ठरलेलं असतं. हंडे, कळश्या, पिंप कलंडवायचं, कालचं ‘शिळं’ पाणी मोरीत ओतायचं आणि ताजं भरून घ्यायचं. आडावरून किंवा नदीवरून पाणी आणण्याच्या काळात या सवयीला अर्थ होता. नळाचं पाणी मात्र शुद्धीकरण केंद्रातून क्लोरीन घालून येतं. झाकलेल्या स्वच्छ भांड्यात ते एका रात्रीत बिघडत नाही. बिघडतं ते हात किंवा उष्टा पेला आत बुडवल्याने. ते टाळायला तोटीचं पिंप किंवा लांब दांड्याचं ओगराळं पुरेसं आहे, भरलेला हंडा ओतून देण्याची गरज नाही.

भांडी रिकामी करायचीच, पण आठवड्यातून एकदा, आणि घासून. डेंग्यू पसरवणाऱ्या एडिस डासाची मादी साठवलेल्या पाण्याच्या भांड्यात, आतल्या कडेला अंडी चिकटवते. अंड्यापासून डास व्हायला साधारण आठ-दहा दिवस लागतात. नुसतं पाणी ओतलं तर अंडी कडेला तशीच राहतात, म्हणून घासणं महत्त्वाचं. आरोग्य खात्याचा ‘कोरडा दिवस’ तो हाच. त्या दिवशी निघालेलं पाणी लादी पुसायला आणि संडासात टाकायला ठेवावं.

मलनिस्सारण व्यवस्था असलेल्या शहरांत माणशी रोज 135 लिटर पाणी मिळावं, असं केंद्र सरकारचं मानक आहे. गावांसाठी जलजीवन मिशनने 55 लिटर धरले आहेत. यातलं पिण्याला आणि स्वयंपाकाला लागणारं पाणी अगदी थोडं. बाकीचं अंघोळ, कपडे, भांडी, लादी आणि फ्लश यांत जातं. प्रत्येक कामाला लागणारी स्वच्छता वेगळी, पण घरात येणारं पाणी सगळं एकाच प्रतीचं आणि बाहेर जाणारं एकाच गटारात. ‘पाणी जपून वापरा’ हे आपण लहानपणापासून ऐकतो आणि ते खरंच आहे. पण माझ्या मते त्याहून मोठी गोष्ट राहून जाते. एकदा वापरलेलं पाणी दुसऱ्या पाण्यात मिसळू न देणं, ही ती गोष्ट. तांदळाचं धुवण, मशीनमधलं शेवटच्या खळबळण्याचं पाणी आणि संडासाचं पाणी वेगवेगळं आहे तोवर त्यातली दोन कामाची आहेत. एका पाइपात शिरली की तिन्हींचं सांडपाणी होतं.

कोकणातल्या जुन्या घरांत हे न सांगता पाळलं जायचं. न्हाणीचं पाणी परसात सोडलेलं, तिथे अळू, केळ आणि कर्दळ. त्यातली कर्दळ शोभेपुरती नव्हती. तिच्या मुळांभोवती हवा पोचते, जिवाणू वाढतात आणि ते पाण्यातली घाण खातात. सांडपाणी शुद्ध करणाऱ्या आजच्या ‘रूट झोन’ प्रकल्पांमध्ये हीच कर्दळ मुद्दाम लावली जाते. नांदेड जिल्ह्यात हिमायतनगर तालुक्यातल्या टेंभुर्णी गावाने दुसरा मार्ग धरला. घरोघर शोषखड्डे घेऊन सांडपाणी जिथल्या तिथे जमिनीत जिरवलं. उघडी गटारं राहिली नाहीत, तशी डासांना जागाही राहिली नाही. ‘नांदेड पॅटर्न’ म्हणून ही पद्धत पुढे इतर गावांत गेली.

फ्लॅटमध्ये परस नाही, पण तिथे सगळ्यांत स्वच्छ वाया जाणारं पाणी ओट्याच्या वरच, भिंतीवर टांगलेल्या आरओ यंत्रातून निघतं. क्षार अडवणाऱ्या पडद्यातून दाबाने पाणी ढकललं की काही आरपार जातं. उरलेलं अडलेले क्षार घेऊन बारीक नळीतून सिंकमध्ये. घरगुती यंत्रांत एक लिटर मिळवताना तीनेक लिटर असे बाहेर पडतात. चौघांच्या घरात रोज बारा लिटर पाणी गाळलं, तर छत्तीस लिटर, म्हणजे जवळपास दोन बादल्या, कोणाचा हातही न लागलेलं पाणी गटारात. ती नळी बादलीत सोडा. भांड्यांचा पहिला हात, लादी, फ्लश यांना हे पाणी चालतं. कुंड्यांना मात्र रोज घालू नये, क्षार मातीत साठतात.

त्याआधीचा प्रश्न असा, की आरओ हवाच आहे का? राष्ट्रीय हरित लवादाने 2019 मध्ये म्हटलं, की पाण्यातले विरघळलेले क्षार, म्हणजे टीडीएस, लिटरला 500 मिलिग्रॅमपेक्षा कमी असतील तिथे आरओची गरज नाही. मुंबई-पुण्याला सह्याद्रीतल्या धरणांचं पाणी मिळतं आणि त्यात क्षार या मर्यादेच्या कितीतरी खाली असतात. तिथे साध्या फिल्टरने, यूव्हीने किंवा उकळून भागतं. बोअरचं किंवा टँकरचं पाणी असेल तर गोष्ट वेगळी. टीडीएस मोजायचं पेनाएवढं मीटर काहीशे रुपयांत मिळतं. सोसायटीने एक घेऊन घरोघर फिरवलं तरी पुरे. विक्रेत्याच्या सांगण्यावर यंत्र घेण्यापेक्षा आधी हे मोजावं.

वापराआधीच वाया जाणारं आणखी पाणी गळक्या नळाचं. त्यावरचा उपाय बहुतेक वेळा झिजलेला वायसर बदलणं इतकाच असतो. काही रुपयांच्या कामासाठी प्लंबर येत नाही, म्हणून नळ महिनोन्‌महिने गळतो. ‘ढब्बूजी’ या व्यंगचित्रमालिकेचे जनक आबिद सुरती यांनी नेमकं हेच ओळखलं. 2007 पासून मीरा रोडला ते रविवारी प्लंबर सोबत घेऊन इमारतींमध्ये जाऊ लागले आणि घरोघरचे नळ फुकट दुरुस्त करून देऊ लागले.

मशीनचं पाणी बादलीत धरायचं, ते संडासात नेऊन ओतायचं, हे कष्टाचं काम आहे. ते घरातल्या एकाच बाईच्या किंवा मोलकरणीच्या माथी मारून बचतीचं समाधान घेणं मला पटत नाही. ज्याला उचलता येते त्याने बादली उचलावी.

कचऱ्याचंही असंच आहे. भाजीची देठं स्वतंत्रपणे खत आहेत, दुधाची पिशवी स्वतंत्रपणे पुन्हा प्लॅस्टिक आहे. दोन्ही एका डब्यात गेली की ढीग. ढिगात दबलेला ओला कचरा हवेविना कुजतो, त्यातून मिथेन सुटतो आणि शेजारचं प्लॅस्टिक, कागद, चिंध्या जळण होतात. मुंबईतली देवनारची कचराभूमी जानेवारी 2016 मध्ये पेटली, तेव्हा धुरामुळे शाळा बंद ठेवाव्या लागल्या होत्या.

दुधाची पिशवीच घ्या. कोपरा कापून टाकला की तो नखाएवढा त्रिकोणी तुकडा कुणाच्याच हाती लागत नाही, नाल्यात जातो. कात्रीने चीर द्यावी, कोपरा पिशवीला लटकलेला राहू द्यावा. थोड्या पाण्याने विसळून ते पाणी कुंडीत ओतावं, पिशवी दोरीवर वाळवावी. वाळलेली पिशवी भंगारवाला घेतो, आंबूस वासाची घेत नाही.

ओल्या कचऱ्याचं खत गॅलरीतल्या भोकं पाडलेल्या डब्यातही होतं. वास आला तर समजावं, पाणी जास्त आणि हवा कमी आहे. सुका पाला किंवा नारळाचा भुसा घालून ढवळावं. मूठभर दाबून पाहिलं तर ओल जाणवावी, पाणी ठिबकू नये. विरजण म्हणून आंबट ताक चालतं. दीड-दोन महिन्यांत मातीचा वास येऊ लागतो.

हे काही जमलं नाही तरी एक गोष्ट जमायला हवी. पुण्यात 1993 मध्ये कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत उभी राहिली आणि 2008 पासून ‘स्वच्छ’ ही कचरावेचकांची सहकारी संस्था दारोदार कचरा गोळा करते. तो कचरा या बाया हातांनी निवडतात. सुक्या कचऱ्यात कोंबलेलं सॅनिटरी पॅड किंवा डायपर त्यांच्या हाती उघडं येतं. म्हणून ‘स्वच्छ’ने लाल ठिपक्याची मोहीम काढली. वापरलेलं पॅड जुन्या वर्तमानपत्रात गुंडाळावं, वर स्केचपेनने ठळक लाल ठिपका काढावा आणि ते पुडकं ओल्या-सुक्यात न टाकता वेगळं द्यावं. फुटलेली काचही तशीच जाड कागदात गुंडाळून, ‘काच आहे’ असं तोंडाने सांगून द्यावी.