गँडाल्फला बर्फ जाळता येत नाही

‘द लॉर्ड ऑफ द रिंग्ज’ ही कादंबरी लिहिणाऱ्या टोल्किन यांच्या चाहत्यांना वाद घालायला निमित्त लागत नाही. टॉम बॉम्बॅडिल हा वेष पालटून बसलेला परमेश्वर आहे, विझार्ड गँडाल्फने मनावर घेतलं असतं तर दुष्ट सत्ताधीश सॉरोनचा निकाल एका दिवसात लागला असता, सॉरोनची सत्ता जिच्यात आहे ती अंगठी नष्ट करायला गरुडांच्या पाठीवरून नेली असती तर एवढी पायपीट वाचली असती, असे तर्क वर्षानुवर्षं चालू आहेत. पीटर जॅक्सन यांच्या २००१ ते २००३ मधल्या तीन चित्रपटांनी त्यात भर घातली आणि २०२२ पासून ‘द रिंग्ज ऑफ पॉवर’ या मालिकेने आणखी. यातले काही तर्क खरोखर हुशारीचे आहेत. पण बहुतेकांच्या बुडाशी एकच समजूत असते: ज्याच्याकडे जादू आहे, तो ती वापरणारच. मिडल-अर्थची, म्हणजे या कथांच्या जगाची, घडण नेमकी उलटी आहे. तिथे जो जितका थोर, तितके त्याचे हात बांधलेले.

आधी देवांचं पाहू. ‘द लॉर्ड ऑफ द रिंग्ज’मध्ये देवांचा उल्लेख जवळजवळ नाहीच, ती माहिती मिळते ‘द सिल्मरिलियन’मध्ये. टोल्किन १९७३ मध्ये वारले आणि त्यांचे चिरंजीव ख्रिस्तोफर यांनी वडिलांच्या हस्तलिखितांतून हे पुस्तक सिद्ध करून १९७७ मध्ये प्रसिद्ध केलं. त्यात समुद्र, वारा, झाडंझुडपं, मृत्यू अशी खाती सांभाळणारे चौदा वालार आहेत. तेहतीस कोटींची सवय असलेला आपला वाचक ही यादी पाहतो आणि हे इथलं देवमंडळ असणार असं धरून चालतो. प्रत्यक्षात निर्माता एकच, एरू इलुवातार. वालार हे त्याने निर्मिलेले. जगाला आकार देण्याचं काम त्यांच्याकडे आहे, पण शून्यातून जीव उत्पन्न करणं त्यांच्या हातात नाही. त्यांची देवळं नाहीत, पुजारी नाहीत. न्यूमेनॉर बेटावर एरूचं स्मरण व्हायचं ते मेनेलटार्मा पर्वताच्या उघड्या माथ्यावर. तिथे ना छप्पर, ना वेदी. पुढे त्या बेटावर भलंमोठं मंदिर उठलं, ते सॉरोनने उठवलं. त्यात आराधना चालायची आद्य दुष्ट शक्ती असलेल्या मेल्कोरची, आणि बळी दिले जायचे माणसांचे.

हा योगायोग नाही. टोल्किन निष्ठावंत कॅथलिक होते. आपली कादंबरी मुळात धार्मिक आहे आणि म्हणूनच तिच्यातून धर्माचे उघड उल्लेख आपण काढून टाकले, असं त्यांनी १९५३ मध्ये एका जेझुइट मित्राला कळवलं होतं.

मग हे वालार सॉरोनचा बंदोबस्त स्वतः का करत नाहीत? ‘देव झोपले होते का’ हा चाहत्यांचा आवडता प्रश्न आहे. त्याचं उत्तर इतिहासात आहे. पहिल्या युगाच्या शेवटी त्यांनी सैन्य पाठवलं होतं. मेल्कोर हरला, पण त्या युद्धात बेलेरिआंड हा अख्खा प्रदेश फुटून समुद्राखाली गेला. दुसऱ्या युगात, ३३१९ साली, न्यूमेनॉरचा राजा आरमार घेऊन थेट त्यांच्याच किनाऱ्यावर चालून आला. तेव्हा वालारांनी आपला अधिकार खाली ठेवला आणि एरूला साकडं घातलं. न्यूमेनॉर बुडालं आणि तोवर सपाट असलेली पृथ्वी गोल झाली. देवांनी हस्तक्षेप केला की नकाशा बदलतो, हा धडा दोनदा मिळाल्यावर तिसऱ्या युगात त्यांनी सैन्य पाठवलंच नाही. साधारण १००० सालच्या सुमारास त्यांनी पाच म्हातारे पाठवले.

हे म्हातारे म्हणजे विझार्ड. गँडाल्फ हा खूप शिकलेला मानवी जादूगार आहे, हा गैरसमज चित्रपट पाहणाऱ्यांत सर्रास आढळतो. तो माणूस नाहीच. वालारांच्या खालच्या श्रेणीतल्या मायार या आत्म्यांपैकी तो एक; मूळ नाव ओलोरिन. गंमत म्हणजे सॉरोनही मायारच. मराठी वाचक इथे चटकन ‘म्हणजे अवतार’ म्हणेल. मात्र अवतारात खुद्द ईश्वर उतरतो आणि इथे दूत उतरतो, हा फरक मोठा आहे. परमेश्वर या कथेत कुठेही देह धारण करून येत नाही, असं टोल्किन यांनी पत्रांतून स्पष्ट लिहिलं आहे. शिवाय या दूतांना खरेखुरे म्हातारे देह दिले गेले. भूक, थकवा, भीती सगळ्यासकट. सॉरोनच्या शक्तीला शक्तीने तोंड द्यायचं नाही आणि लोकांवर धाक किंवा दडपण आणून राज्य करायचं नाही, अशी त्यांना सक्त ताकीद होती. ‘अनफिनिश्ड टेल्स’मध्ये या निवडीचा छोटासा प्रसंग आहे. मी दुबळा आहे, मला सॉरोनची भीती वाटते, असं म्हणत ओलोरिन नकार देऊ पाहतो. त्यावर वालारांचा राजा मान्वे त्याला सांगतो की मग तर तूच जायला हवंस.

गँडाल्फच्या जादूची मर्यादा पाहायची तर कॅराड्रास खिंडीतली हिमवादळाची रात्र वाचावी. अंगठी घेऊन निघालेले बुटके हॉबिट गारठून मरायला टेकलेले असतात. ओला लाकूडफाटा काही केल्या पेटत नाही, तेव्हा नाइलाजाने गँडाल्फ काठी टेकवून तो पेटवतो आणि लगेच कुरकुरतो की आपण इथे आहोत हे आता दूरदूरपर्यंत ज्याला वाचता येतं त्याला कळलं. सकाळी सोबतचा एल्फ लेगोलस सहज सुचवतो, की गँडाल्फने मोठी ज्वाळा घेऊन पुढे चालावं, बर्फ वितळून वाट होईल. गँडाल्फ त्याला फटकारतो: काम करायला मला काहीतरी वस्तू लागते, बर्फ काही मला जाळता येत नाही. त्याच्या जादूला इंधन लागतं, आणि ती वापरली की शत्रूला पत्ता लागतो. मोरियाच्या खाणींत बॅलरॉग या अग्निराक्षसाशी झुंजताना गँडाल्फ ‘मेल्याचं नाटक’ करतो हा तर्कही टिकत नाही. कादंबरीच्या परिशिष्टातल्या कालपटात २५ जानेवारीला त्याचा मृत्यू आणि १४ फेब्रुवारीला पुनरागमन अशा नोंदी आहेत, आणि तो खरोखर मेला होता हे लेखकाने एका पत्रात वेगळं सांगितलं आहे.

सर्वांत चिवट गैरसमज मात्र विच-किंगबद्दलचा. सॉरोनच्या या सेनापतीला कोणताही पुरुष मारू शकत नाही, म्हणजे त्याला तसं कवच आहे, असं मानलं जातं. आपल्याकडे तर हे फारच पटतं, कारण हिरण्यकशिपूची गोष्ट बाळकडूसारखी पाजलेली असते: वर मिळाला, वरात फट राहिली, फटीतून नरसिंह आला. एओविन ही स्त्री आणि मेरी हा हॉबिट, म्हणजे फट सापडली आणि हिशेब जुळला.

पण विच-किंगला असा वर कुणी दिलेलाच नाही. तिसऱ्या युगात १९७५ साली उत्तरेकडच्या लढाईत तो पळून जात असताना गोंडोरचा सेनापती एआर्नूर त्याच्या मागे घोडा घालणार होता. ग्लॉरफिंडेल या एल्फने त्याला अडवलं. याचा अंत अजून दूर आहे आणि तो पुरुषाच्या हातून होणार नाही, असं तो म्हणाला. म्हणजे हे शत्रूने पाहिलेलं भविष्य. काय होणार ते त्यात सांगितलं आहे; काय होऊ शकत नाही, याबद्दल त्यात अवाक्षर नाही. विच-किंगने मात्र त्याचा अर्थ अभेद्यतेचा दाखला असा लावला आणि ३०१९ च्या १५ मार्चला पेलेनोरच्या रणांगणावर त्याच तोऱ्यात वावरला. चाहते करतात ती चूक पहिल्यांदा त्यानेच केली, असं म्हणायला हरकत नाही.

त्याचा घात नक्की कशाने झाला, हे कादंबरीत दडवलेलं नाही. मेरी त्याच्या गुडघ्यामागे जे पातं खुपसतो, ते अनेक शतकांपूर्वी उत्तरेच्या राज्यातल्या कारागिराने सावकाश घडवलेलं असतं. त्या काळी त्या राज्याचा मुख्य वैरी होता अंगमारचा मांत्रिक राजा, म्हणजे हाच विच-किंग. दुसऱ्या कुठल्याही पात्याने, मग ते कितीही बलवान हातात असो, इतकी भयंकर जखम झाली नसती, असं निवेदक सांगतो. त्याच्या अदृश्य स्नायूंना इच्छेशी जखडून ठेवणारा मंत्र त्या घावाने तुटतो. त्यानंतर एओविनची तलवार चालते. मेरीचं पातं मात्र धुमसत, आक्रसत जळून जातं. चित्रपटात ही सगळी पूर्वकथाच नाही. हॉबिटांना ही पाती एका प्राचीन थडग्यात मिळतात. ती निवडून त्यांच्या हातात ठेवणारा आणि अंगमारच्या राजाची गोष्ट तिथल्या तिथे सांगणारा असतो टॉम बॉम्बॅडिल, आणि जॅक्सन यांनी त्याला गाळलं.

माणसांना जादू येते की नाही, या वादातही हीच पाती साक्षीला येतात. जादू ही पोथ्या वाचून कमावायची विद्या नाही, ती उपजत शक्ती आहे आणि मानवजातीपाशी ती नाही, असं टोल्किन यांनी १९५४ मधल्या एका पत्राच्या मसुद्यात लिहिलं. नंतर त्यांनीच समासात प्रश्न टिपला, की न्यूमेनॉरचे लोक तलवारी घडवताना मंत्र वापरत ना? मसुद्याचा हा भाग पाठवलेल्या पत्रात आलाच नाही. ‘टोल्किननी पत्रात म्हटलंय’ असं म्हणून वाद मिटवणाऱ्यांनी हा समास जरूर ध्यानात ठेवावा.

आता बॉम्बॅडिल. पिवळे बूट घालून गाणी म्हणत हिंडणाऱ्या या म्हाताऱ्यावर अंगठीचा काहीच परिणाम होत नाही. ती बोटात घालूनही तो दिसतच राहतो आणि ती वाहून नेणाऱ्या फ्रोडो या हॉबिटने घातल्यावर त्याला फ्रोडोही दिसतो. तो स्वतःला सर्वांत आद्य म्हणवतो आणि तो कोण या प्रश्नावर त्याची पत्नी गोल्डबेरी ‘तो आहे’ एवढंच उत्तर देते. एवढ्या सामग्रीवर त्याला एरू ठरवण्याचा मोह कुणालाही होईल. १९५४ मध्येच ऑक्सफर्डच्या एका कॅथलिक पुस्तकविक्रेत्याने हाच अर्थ काढून हरकत घेतली होती आणि टोल्किन यांनी तो अर्थ नाकारला. कादंबरीतही पुरावा विरुद्ध जातो. एलरॉन्डच्या सभेत गँडाल्फ सांगतो, की अंगठीची सत्ता बॉम्बॅडिलवर चालत नाही, पण इतरांवरची तिची सत्ता त्यालाही मोडता येत नाही. वर तो ती कुठेतरी ठेवून विसरून जाईल. सॉरोनने बाकी सारं जिंकलं तर अखेरीस बॉम्बॅडिलही पडेल, असं ग्लॉरफिंडेल म्हणतो. परमेश्वराबद्दल असं कुणी म्हणणार नाही.

बॉम्बॅडिलचं मूळ शोधायचं तर ते घरातल्या मुलांच्या एका डच बाहुलीपाशी सापडतं. १९३४ मध्ये, म्हणजे ‘द हॉबिट’ येण्याच्याही तीन वर्षं आधी, त्याच्यावरची कविता ‘ऑक्सफर्ड मॅगझिन’मध्ये छापून आली होती. तो कादंबरीच्या विश्वात नंतर येऊन बसला, आणि त्याला तिथे हेतुपुरस्सर कोडं म्हणून ठेवलं आहे, असं टोल्किन यांनी कळवलं. तरीही तो मायार आहे, वालार आहे, असे शोधनिबंध पडतच असतात.

गरुडांचा प्रश्न त्यामानाने सोपा आहे. ते मान्वेच्या मर्जीतले पक्षी. कुणाच्या दावणीचे नाहीत. फितूर विझार्ड सारुमानच्या मनोऱ्यावरून गँडाल्फला उचलणारा ग्वायहिर त्याला बजावतो की आपण निरोप पोचवायला आलो आहोत, ओझी वाहायला नाही, आणि त्याला रोहानमध्ये उतरवून मोकळा होतो. ‘द हॉबिट’मधले गरुड तर माणसांच्या वस्तीजवळ फिरकायलाही नकार देतात, कारण लोक बाण मारतात. सॉरोनच्या राज्यावरून उडणं ही त्यापुढची गोष्ट. बाकी कथालेखनाच्या दृष्टीने हे धोकादायक यंत्र आहे आणि आपण ते बेताने वापरलं आहे, हे टोल्किन यांनी १९५८ मध्ये चित्रपटाची एक संहिता तपासताना स्वतःच मान्य केलं होतं. सॉरोन म्हणजे मनोऱ्यावरचा प्रचंड जळता डोळा, ही समजूतही चित्रपटाची करामत. कादंबरीतल्या सॉरोनला देह आहे; त्याचा छळ सोसलेला, एकेकाळी अंगठी बाळगणारा गॉलम शहारत सांगतो की त्या काळ्या हाताला चारच बोटं आहेत.

चाहत्यांचा एक तर्क मात्र वाचनातून आलेला आहे. शेवटी गॉलम अंगठीसह ज्वालामुखी डोंगराच्या अग्नीत पडतो तो पाय घसरून. हा आयत्या वेळचा योगायोग अनेकांना खटकतो. त्यावर असं सुचवलं जातं, की त्याच डोंगराच्या उतारावर थोड्याच वेळापूर्वी फ्रोडोने अंगठी छातीशी धरून त्याला बजावलेलं असतं, की पुन्हा मला हात लावलास तर तूच या आगीत फेकला जाशील. तो शाप फळला. मजकुरात याला आधार आहे. टोल्किन यांनी १९५६ च्या एका पत्रात या क्षणी वेगळाच हात पुढे आल्याचं सूचित केलं, तो हात या साऱ्या कथेच्या कर्त्याचा, म्हणजे एरूचा. दोन्ही स्पष्टीकरणं एकमेकांना छेद देतात असं नाही. सबंध कादंबरीत देव सर्वांत जवळ येतो तो इथे, आणि तोही अग्नी-वज्र घेऊन येत नाही.

काही वाद मात्र कधीच मिटणार नाहीत, कारण लेखकाचंच मत शेवटपर्यंत बदलत राहिलं. बॅलरॉगला पंख आहेत का? मोरियातल्या एकाच प्रसंगात आधी सावली दोन विशाल पंखांसारखी पसरते आणि काही ओळींनंतर पंख भिंतीपासून भिंतीपर्यंत ताणले जातात. दोन्ही पक्षांना आपापली ओळ मिळते. हे बॅलरॉग सुरुवातीच्या लेखनात शेकड्यांनी होते. पुढे एका समासात टोल्किन यांनी त्यांची संख्या तीन किंवा फार तर सात यावर आणली. सॉरोनच्या फौजेतले ऑर्क मुळात कोण, याची उत्तरंही त्यांनी वेळोवेळी बदलली. ‘सिल्मरिलियन’मध्ये ते छळाने बिघडवलेले एल्फ आहेत, पण १९९३ च्या ‘मॉर्गॉथ्स रिंग’ या खंडात ख्रिस्तोफर यांनी छापलेली टिपणं पाहिली की त्याबद्दल वडिलांचं समाधान झालेलं नव्हतं हे दिसतं. पूर्वेकडे गेलेल्या दोन निळ्या विझार्डांबद्दल १९५८ मध्ये त्यांचा कयास होता, की ते बहुधा आपल्या कामात चुकले आणि तिकडच्या गुप्त पंथांचे व जादूच्या परंपरांचे प्रवर्तक ठरले. आयुष्याच्या अखेरच्या वर्षांतल्या टिपणात त्याच दोघांना नवी नावं मिळाली, त्यांचं आगमन दुसऱ्या युगात गेलं आणि पूर्वेकडे सॉरोनची फौज वाढू न देण्याचं श्रेयही त्यांच्या पदरात पडलं.