मुलाच्या लघवीची धार बारीक आहे? डायपर काढून एकदा पाहा

डायपर जड झाला म्हणजे बाळाला लघवी नीट होते, असे घरोघरी धरले जाते. पण लघवी धारेने झाली की थेंबथेंब, हे डायपर सांगत नाही. मुलग्यांमध्ये हा फरक वेळीच लक्षात आला, तर मूत्रपिंड वाचू शकते.

धार बारीक असण्याचे सर्वांत गंभीर कारण जन्मजात असते. गर्भातच मूत्रमार्गाच्या मागच्या भागात पातळ पडदे तयार होतात आणि झडपेसारखे वाट अडवतात. साधारण ५ ते ८ हजार मुलग्यांमागे एकाला हा दोष असतो. जोर लावून लावून मूत्राशय जाड होते, दाब वर जातो आणि मूत्रपिंडे सुजतात. बाळ दिसायला ठणठणीत असते, आत नुकसान चालूच राहते. गरोदरपणातल्या सोनोग्राफीत मूत्रपिंडे फुगलेली दिसली असतील, तर जन्मानंतर पुन्हा तपासणी हवीच. ‘बाळ तर छान आहे’ म्हणून तो रिपोर्ट फाइलमध्येच राहतो, तिथे घोळ होतो.

सोनोग्राफीनंतर ‘एमसीयू’ करतात. नळीने मूत्राशयात औषध भरून बाळ लघवी करत असताना एक्स-रे काढले जातात. पडदा दुर्बिणीतून कापतात, पोटावर टाका पडत नाही. क्रिएटिनिन आणि रक्तदाब मात्र पुढे अनेक वर्षे तपासावे लागतात.

दुसरी शंका असते शिश्नावरच्या त्वचेची. लहानपणी ती मागे न जाणे नैसर्गिक आहे. आंघोळीच्या वेळी तेल लावून ती जबरदस्तीने ओढली, तर चिरते, व्रण धरतो आणि मग खरोखरच तोंड अरुंद होते. मालिशवाल्या बाईलाही हे सांगून ठेवावे.

मोठ्या मुलांत जुनी बद्धकोष्ठता, सायकलच्या दांड्यावर पडून झालेली इजा किंवा मज्जारज्जूचा दोष ही कारणे असू शकतात. शाळेतल्या अस्वच्छ शौचालयामुळे दिवसभर लघवी दाबून धरणारी मुलेही असतातच.

कुंथून लघवी होणे, धार तुटणे, वारंवार ताप किंवा ओटीपोटात गोळा लागणे, यांपैकी काहीही दिसले तर थांबू नये. लघवी पूर्ण अडली तर त्याच वेळी रुग्णालय गाठावे. बोरीवलीत पहिली तपासणी घराजवळच्या बालरोगतज्ज्ञाकडे होते. पुढे शस्त्रक्रियेची गरज पडल्यास परळला वाडिया बालरुग्णालय आणि केईएम आहेत. धीम्या लोकलने प्रभादेवीला उतरले की परळ चालत गाठता येते. जाताना गरोदरपणातले सोनोग्राफीचे रिपोर्ट सोबत घ्यावेत.